लग्नाची फुले

लग्न ठरले. तिथी निघाली. घरात याद्या सुरू झाल्या. किराणा, कपडे, भांडी, वाजंत्री, मांडव. फुलांचे नाव यादीत अगदी शेवटी येते. लग्नाला दोन दिवस उरले की कोणीतरी म्हणते, "अरे, हारांचं काय?" मग घरातला एखादा माणूस धावत तालुक्याला जातो. त्या दिवशी मुहूर्त दाट असतो. दहा गावांची माणसे त्याच दुकानात उभी असतात. फुलवाला सांगेल तो भाव द्यावा लागतो.

आता सजावटवालेही मिळतात. ते मोबाईलवर चित्रे दाखवतात. फुलांची कमान, फुलांची भिंत, फुलांची वाट. चित्रे छानच असतात. पण बिल भागवायला घरधन्याला उसनवारी करावी लागते. ती फुलांची भिंत दुसऱ्या दिवशी दुपारी उकिरड्यावर जाते. उसने पैसे मात्र पुढच्या सुगीपर्यंत मानेवर बसतात.

मग फुले आणूच नयेत का? छे, तसे नाही. फुलांवाचून लग्नघर सुनेसुने वाटते. पण फुले किती, कोणती आणि कोठे, हे आधी ठरवावे. आता तुम्हाला लिहिता येते. एक कागद घ्या आणि लिहा.

पहिल्यांदा माणसे लिहा. नवरा-नवरीचे दोन हार. नवरीची वेणी. दोन्ही विहिणींना, करवल्यांना आणि घरच्या सवाष्णींना गजरे. इथे काटकसर करू नका. वरमाला घालताना सगळ्यांचे डोळे त्या दोन हारांवर असतात. गजऱ्याचे तर विचारूच नका. वर्षभर रानात राबणारी बाई त्या एका दिवशी डोक्यात मोगरा माळते. तिच्या गजऱ्याचे पैसे वाचवून मांडवाच्या खांबाला फुले गुंडाळणे मला तरी पटत नाही.

आता सत्काराचे हार. पैसा इथेच फार जातो. मी एका लग्नात हे हार मोजले होते. ४१ भरले. एकेक नाव पुकारले जाई. पाहुणा उठे, हार घाली, आणि खाली बसताच हार काढून खुर्चीला अडकवी. नवरदेव उन्हात ताटकळत उभा. जेवणे झाल्यावर ते हार शेळ्यांनी खाल्ले! पाहुण्यांचा मान ठेवायचा तर हातात एकेक फूल द्या आणि वाकून नमस्कार करा. मात्र हे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी आधी बसून ठरवावे. नाहीतर "आमच्या मामांना हार नाही" म्हणून रुसवा व्हायचा. हार नाही तर कोणालाच नाही, असे ठरले की कोणी रुसत नाही.

मग दार आणि मांडव. इथे फुलांपेक्षा पानांवर भर द्या. पान काही कमी मानाचे नाही. पुष्कळ घरांत देवकालाच पाच झाडांची डहाळी लागते. आंब्याची पाने, केळीचे खुंट, नारळाच्या झावळ्या, जे आपल्या भागात मिळेल ते घ्या. हिशेब बघा. मांडवाची पुढची बाजू ४० फूट आहे. झेंडूचे मोठे फूल साधारण दोन इंच रुंद असते. फुलाला फूल लावून माळ केली तर एका फुटाला ६ फुले, म्हणजे एकूण २४० फुले लागतात. तीच माळ दोन इंच फूल, मग दोन इंच आंब्याची पाने, अशी ओवली तर १२० फुले पुरतात. शिवाय हिरव्यावर पिवळा रंग उठून दिसतो.

फुले कोणत्या दिवसांत कोणती, हेही बघावे. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते. तेव्हा शेवंती आणि झेंडू पुष्कळ असतात. दसरा-दिवाळीला झेंडूचा भाव चढतो, सण सरला की उतरतो. चैत्र-वैशाखात मोगऱ्याला बहर येतो. तेव्हा शेवंतीचा हट्ट धरू नये. कोकणात आणि गोव्यात अबोलीचा वळेसर माळतात. अबोलीला वास नसतो, पण ती लवकर कोमेजत नाही.

विहिरीला पाणी असेल तर झेंडू घरीच लावा. हे झाड मूळचे मेक्सिकोकडचे, पण आपल्या मातीत ते असे रुजले आहे की परके वाटत नाही. तिथीपासून उलटे मोजा. बी टाकल्यावर रोप लावणीला यायला सुमारे एक महिना लागतो. लावणीनंतर फुले यायला साधारण दोन महिने. म्हणजे एप्रिलच्या शेवटी लग्न असेल तर जानेवारीच्या शेवटी बी टाकावे. चार-आठ दिवस अलीकडेच टाकलेले बरे. लावणीनंतर महिनाभराने शेंडा खुडावा. म्हणजे झाडाला फांद्या फुटतात आणि फुले जास्त येतात. बांधाच्या कडेने साठ-सत्तर रोपे लावली की घरच्या तोरणाची चिंता मिटते. टोमॅटोच्या मळ्यात तर शेतकरी झेंडूच्या ओळी मुद्दाम लावतात. फळ पोखरणाऱ्या अळीचे पतंग झेंडूवर अंडी घालतात आणि टोमॅटोचा त्रास कमी होतो. पण लग्नाच्या फुलांवर औषध फवारू नका. ती फुले अंगाला आणि केसांना लागायची असतात.

उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची ओढ असेल तर मात्र हा खटाटोप नको. तेव्हा तोरण नुसत्या पानांचे करावे. आंब्याच्या हिरव्यागार तोरणाला कोणी नावे ठेवत नाही.

विकत घ्यायची फुले आठ-पंधरा दिवस आधी सांगून ठेवा. जवळपास फुलशेती करणारा कोणी असेल तर थेट त्याच्याकडेच जा. भाव, वजन आणि दिवस कागदावर लिहून घ्या. थोडी अनामत दिली तर तीही लिहा. सुटी फुले किलोवर मिळतात. वजन करताना फुले ओली आहेत का, ते हाताने बघा. पाणी मारलेले फूल वजनाला जड असते. पाण्याचे पैसे कशाला द्यायचे?

फुले आली की ढीग घालू नका. ढिगात झेंडू आतून तापतो आणि कुजतो. सावलीत गोणपाटावर पातळ पसरून ठेवा. मोगऱ्याच्या कळ्या सकाळी लवकर, उमलण्याआधी तोडाव्यात. केळीच्या पानात गुंडाळून वर ओले फडके घालावे. सायंकाळी त्या उमलतात. गजरा केळीच्या सालीच्या ओल्या धाग्याने बांधला तर फुले तुटत नाहीत. हार-तोरणे आदल्या दिवशी सायंकाळी करावीत. हे काम एकट्याचे नव्हे. शेजारच्या बाया, पोरीबाळी ओसरीवर बसल्या की गाणी म्हणता म्हणता माळा होतात. त्यांच्यासाठी चहाचे आधण तेवढे मोठे ठेवा.

लग्न झाल्यावर तोरणे विहिरीत किंवा नदीत टाकू नका. दोरा काढून फुले-पाने खताच्या खड्ड्यात घाला. घरच्या झाडावर चार चांगली फुले वाळू द्या आणि त्यांचे बी कोरड्या डब्यात ठेवा. बी दुकानातले संकरित असेल, तर पुढे तशीच फुले येतील असे नाही. गावठी झेंडूचे बी मात्र पावसाळ्यात टाका, म्हणजे दसऱ्याचे तोरण घरचेच होईल.