उंच टाकीचा दाब आणि घरातील नळ

डोंगरउतारावरील टाकीतून घरात पाणी घेणाऱ्या शेतकरी बंधूंनी दाबाचाही हिशेब करावा. टाकी नळाहून जितकी उंच, तितका दाब अधिक. दर 10 मीटर उंचीस चौरस सेंटिमीटरवर सुमारे 1 किलो. 60 मीटर उंचीवरील टाकीचा 6 किलो दाब रात्री तोट्या बंद असता पुरा सांध्यांवर येतो. वायसर झिजतात, सांधे गळतात, साठविलेले पाणी वाया जाते.

यास्तव घराच्या मुख्य नळावर दाबनियंत्रक झडप बसवावी. पुढील दाब वाढताच तिच्यातील पडदा स्प्रिंगला रेटून पाण्याची वाट आवळतो. झडपेआधी गाळणी व नंतर दाबमापक असावा. दाब 3 किलोच्या आसपास ठेवावा. तोट्या बंद असूनही काटा चढत राहिल्यास झडपेत कचरा अडकला असावा असे समजून ती साफ करून घ्यावी.