जुन्या नाण्यावरचे डाग घासायचे का?

साखरशेत, जव्हार, मोखाड्याकडच्या मंडळींनो, आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत पेटीतली जुनी नाणी डागाळतातच. पण त्यांना चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट अजिबात लावू नका!

🔸 चांदीचा राणीछाप रुपया (११.६६ ग्रॅम, जवळपास ९२ टक्के चांदी) हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे काळा पडतो. तो घासलात, तर राणीच्या केसांच्या बारीक रेषाही झिजतात. संग्राहकाला भिंगाखाली ओरखडे लगेच दिसतात आणि किंमत उतरते.

🔸 तांब्याच्या शिवराईवरचा घट्ट, गुळगुळीत तपकिरी-हिरवा थर राहू द्या. तो धातूला जपतो. मात्र फिकट हिरवी भुकटी सुटत असेल, तर आतून गंज चालू आहे. ते नाणं लगेच वेगळं, कोरडं ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

🔸 नुसती माती असेल, तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, मऊ कापडाने टिपून घ्या, चोळू नका.

🔸 पीव्हीसीची पाकिटं टाळा, त्यांच्यामुळे नाण्यावर चिकट हिरवा थर येतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. नाणं नेहमी कडेने धरा.

शंका असेल, तर नाणं आहे तसंच ठेवा. डाग नंतरही काढता येतो, झिजलेला ठसा परत येत नाही.