गोठ्यातली तारीख चुकवू नका



ऊसविकास खात्याच्या माणसाने गाई-म्हशींवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण गटात फिरताना बेण्यावरून आणि खोडव्यावरून निघालेले बोलणे हटकून गोठ्याकडे वळते. "साहेब, गाय तीनदा भरवली, उलटतेय. काय करावं?" हा प्रश्न हुमणीच्या प्रश्नाइतकाच वेळा कानावर येतो. त्यात गैर काही नाही. उसाचे बिल येईपर्यंत घरखर्च दुधावर चालतो, आणि उसाला लागणारे शेणखतही त्याच गोठ्यातून येते. जनावराच्या आजारपणाचे डॉक्टर पाहतील. इथे सांगायचे आहे ते गाय-म्हैस वेळेवर गाभण राहण्याविषयी.

उसाचे उदाहरण घेऊ. लागणीची तारीख गटात नोंदलेली नसेल तर तोडणीचा कार्यक्रम लावता येत नाही, हे आपण सर्व जाणता. तारखेसाठी आपण चिटबॉयच्या मागे लागतो. मात्र आपली गाय कोणत्या तारखेला व्याली, माजावर कधी आली आणि भरवली कधी, असे विचारले तर उत्तर मिळते, "झाले असतील दोन-तीन महिने." सारे नुकसान या उत्तरात आहे.

भाकड दिवसांचा हिशेब

गाय सुमारे २८० दिवस आणि म्हैस सुमारे ३१० दिवस गाभण असते. हा काळ कोणालाही कमी करता येत नाही. आपल्या हाती असतो तो व्याल्यापासून पुन्हा गाभण राहीपर्यंतचा काळ. व्याल्यावर गर्भाशय पूर्ववत होण्यास दोन महिने द्यावेत आणि त्यानंतर येणारा माज साधावा. व्याल्यापासून साडेतीन महिन्यांच्या आत गाय गाभण राहिली, तर दर १३ महिन्यांनी वेत मिळते. अशी गाय साडेसहा वर्षांत ६ वेते देते. तीच गाय १८ महिन्यांनी विऊ लागली, तर तेवढ्याच काळात ४ वेते पुरी होतात आणि पाचवे वाटेवर असते. वैरण मात्र दोन्हीकडे तेवढीच लागते.

माज दर २१ दिवसांनी येतो. तीन दिवस अलीकडे-पलीकडे होऊ शकते. एक माज नजरेतून सुटला की २१ दिवसांची वैरण फुकट गेली, असे सरळ गणित मांडावे.

माज ओळखावा कसा?

माजावरची गाय बेचैन होते, हंबरते, खाण्यावरून तिचे लक्ष उडते, दूध कमी होते. योनीतून काचेसारखा स्वच्छ, चिकट सोट लोंबतो. दुसरे जनावर अंगावर चढले असता ती स्थिर उभी राहते. ही सर्वांत पक्की खूण. बांधून ठेवलेल्या एकट्या गाईत मात्र ती दिसणार नाही, म्हणून दिवसातून एकदा जनावरे मोकळी सोडावीत.

म्हशीचे काम अवघड. तिचा माज बहुधा मुका असतो. ती फारशी ओरडत नाही, वारंवार थोडी थोडी लघवी करते, दूध चोरते, आणि या खुणाही रात्री किंवा पहाटे जास्त दिसतात. म्हणून पहाटे धारेच्या वेळी आणि रात्री निजण्यापूर्वी गोठ्यात एक फेरी हवीच. बसलेल्या जनावराच्या मागे जमिनीवर सोट पडला आहे का, तेही पाहावे.

हे सारे पहिल्यांदा लक्षात येते ते धार काढणाऱ्या घरच्या बाईच्या. तिने सांगितले की, "उद्या बघू," म्हणून टोलवू नये. उद्यापर्यंत माज निघून जातो.

केव्हा भरवावे?

गाईचा माज साधारण १२ ते १८ तास टिकतो आणि तो ओसरल्यावर १० ते १२ तासांनी बीजांड सुटते. बीजांड थोडेच तास तग धरते. तेव्हा रेत आधी पोहोचलेले हवे, पण फार आधीही नको. यासाठी सोपा नियम असा: माज सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवावी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. माज दिसताच धावपळ करणे आणि दोन दिवसांनी सवडीने बोलावणे, दोन्ही चूकच.

कृत्रिम रेतन आपल्याकडे नवे नाही. भारतात ते प्रथम १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत झाले. महाराष्ट्रात ते शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेण्यात १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेचा मोठा वाटा आहे. चांगल्या वळूच्या एका वेळच्या रेतापासून शेकडो मात्रा होतात. त्या द्रव नत्रात उणे १९६ अंशांवर टिकतात. रेतमात्रेची कांडी बाहेर काढल्यावर ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरून लगेच वापरायची असते. खिशात घालून आणलेली कांडी निरुपयोगी. कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो, तो लिहून घ्यावा. त्याच वळूचे रेत पुढे त्याच्याच कालवडीला भरले जाऊ नये, यासाठी हा क्रमांक उपयोगी पडतो.

गळीत हंगाम आणि वाढे

आता खास आपल्या कार्यक्षेत्राची गोष्ट. म्हशी जास्त करून सप्टेंबर ते फेब्रुवारी या काळात माजावर येतात. उन्हाळ्यात माज दबतो. नेमका हाच आपला गळीत हंगाम. तोड आली की घरातली सगळी माणसे शिवारात असतात, गोठ्याकडे कोणी पाहत नाही. आणि दावणीत चार महिने पडतात ती निव्वळ वाढी.

वाढे फुकट मिळते आणि जनावर आवडीने खाते, हे खरे. पण त्यात प्रथिने व स्फुरद कमी असते आणि ऑक्झॅलेट नावाचा घटक असतो. हा घटक चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून ठेवतो. तो अंगी न लागता शेणावाटे निघून जातो. पोट भरलेले दिसते, पण अंगात क्षार उरत नाहीत. असे जनावर माजावर येत नाही किंवा भरवले तरी उलटते, आणि आपण दोष देतो रेतनाला. वाढे बंद करा असे मी म्हणत नाही. वैरणीत ते अर्ध्याच्या आत ठेवा. बाकी मका, संकरित नेपियर, थोडा लसूणघास आणि कडबा कुट्टी करून द्या. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण विसरू नका. उसाच्या प्लॉटशेजारी दोन गुंठे लसूणघास कोणालाही जमेल.

उलटणारी जनावरे

वेळेवर भरवूनही तीनदा उलटली, तर चौथ्यांदा भरवण्याआधी डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्यावे. सोट ढगाळ किंवा पुवासारखा असेल तर भरवू नये, आधी उपचार. मुक्या माजासाठी हार्मोनची इंजेक्शने देऊन ठरलेल्या दिवशी भरवण्याची पद्धत आहे आणि ती उपयोगी आहे. पण एक लक्षात ठेवा: त्यातल्या एका इंजेक्शनाने गाभण जनावराचा गाभ पडतो. म्हणून तपासणीवाचून, कोणाच्या सांगण्यावरून ते देऊ नये. भरवल्यावर माज दिसला नाही म्हणजे गाभण, असेही धरू नये. दोन ते तीन महिन्यांनी हाताने तपासून खात्री करावी.

नवे तंत्र

२०१४ साली केंद्राने राष्ट्रीय गोकुळ मिशन सुरू केले. त्यातून लिंगनिश्चित रेतमात्रांचा प्रसार झाला. पाडी होणाऱ्या शुक्राणूत आनुवंशिक द्रव्य सुमारे ४ टक्के जास्त असते. त्यावरून यंत्र ते वेगळे काढते. अशा रेतातून १०० पैकी सुमारे ९० पाड्या होतात. संकरित गोऱ्ह्याचा सांभाळ परवडत नाही, हे पाहता ही मोठी सोय आहे. पण या मात्रेत शुक्राणू कमी असतात, गर्भ राहण्याचे प्रमाणही थोडे कमी असते. म्हणून ती निरोगी कालवडीला, स्पष्ट माजावर वापरावी. संकरित कालवड साधारण २५० किलो वजनाची झाल्यावरच भरवावी. उलटणाऱ्या गाईवर ही महाग कांडी वाया घालवू नये.

ज्यांच्या दावणीला जातिवंत खिल्लार आहे, त्यांनी ती खिल्लार वळूच्याच रेताने भरवावी. गाडीचा बैल संकरातून होत नाही.

एवढे करा

गोठ्याच्या भिंतीवर किंवा दिनदर्शिकेवर प्रत्येक जनावरापुढे पाच गोष्टी लिहा: व्याल्याची तारीख, माजाची तारीख, भरवल्याची तारीख, वळूचा क्रमांक, तपासणीचा निकाल. भरवल्याच्या तारखेपुढे २१ दिवसांवर खूण करा आणि त्याच्या तीन दिवस आधीपासून तीन दिवस नंतरपर्यंत जनावरावर नजर ठेवा. गाभण ठरल्यास विण्याच्या दोन महिने आधी दूध आटवा. या कामाला कोळशाचा तुकडा आणि पाच मिनिटे लागतात.

यंदाच्या लागण नोंदीला गटातला कर्मचारी आपल्या दारी येईल, तेव्हा उसाची तारीख सांगता सांगता एक नजर गोठ्याच्या भिंतीकडेही टाका. तिथेही तारीख लिहिलेली दिसावी.

— ऊसविकास अधिकारी