वृद्धांचे घर : पडण्याआधीची तयारी

आपल्या गोंदिया जिल्ह्यातील धानपट्ट्यातल्या कोणत्याही गावात गेले, तर ओसरीवर एकटी बसलेली वृद्ध माणसे दिसतात. मुले नागपूर, पुणे, हैदराबादकडे पोटापाण्यासाठी गेलेली असतात आणि आईवडिलांना स्वतःचे घर सोडवत नाही. त्यांचा हा आग्रह रास्तच आहे. प्रश्न एवढाच, की तरुणपणी बांधलेले घर सत्तरीत साथ देते काय?

वृद्धांचे स्वातंत्र्य पुष्कळदा एका पडण्याने संपते. वयपरत्वे, विशेषतः स्त्रियांची, हाडे ठिसूळ होतात. खुब्याचे हाड मोडले की माणूस खाटेला खिळतो आणि मग घर सोडण्यावाचून इलाज राहत नाही. म्हणून समाजबांधवांनी सर्वप्रथम एक वाट तपासावी : रात्री खाटेपासून संडासापर्यंतची.

जुन्या कवेलूच्या घरात उंबरठा उंच, संडास अंगणाच्या टोकाला आणि पावसाळ्यात त्या वाटेवर शेवाळ. उंबरठ्यावर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढावा, शेवाळ खरडून वाटेवर खरखरीत फरशी टाकावी. मातीच्या भिंतीत ठोकलेली कडी अंगाचा भार पेलत नाही, तेव्हा संडासाजवळ जमिनीत पक्का गाडलेला लोखंडी पाईप बरा. वादळात वीज जातेच, त्यामुळे टॉर्च उशाशी हवा. खाट गुडघ्याएवढी उंच असावी. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याने एकदम उठू नये. पाय जमिनीवर टेकवून थोडा वेळ बसावे, मग उभे राहावे. हात सैल सोडला असता मनगटापर्यंत येईल एवढी काठी योग्य, आणि तिच्या टोकाचे रबर झिजले की लगेच बदलावे. (आपल्या विहाराच्या पायऱ्यांनाही कठडा असावा, हे जाता जाता नमूद करतो.)

पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकू नये. मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि झोपेतच चावतो. त्याचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हा त्यावर उत्तम उपाय होय.

मात्र काळजीपोटी वृद्धांच्या हातातले काम काढून घेणे हेही घातकच. भाजी निवडणे, अंगण झाडणे, शेजारी जाऊन येणे यानेच पायांत बळ राहते. नुसते बसवून ठेवलेला माणूस लवकर पडतो.

काठी, चष्मा, कमोड खुर्ची यांसाठी राज्य शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना सुरू केली. तीत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीस एकदाच ३,००० रुपये देण्याची तरतूद आहे. अर्ज भरून देणे हे विद्यार्थ्यांना सहज जमण्यासारखे काम आहे.

घर मुलांच्या नावे करताना घाई नको. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते. परंतु ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी. तोंडी वचनावर विसंबू नये. निर्वाहखर्चाचा अर्जही याच न्यायाधिकरणाकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करता येतो.

ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तो, शेजाऱ्याचा आणि मुलाचा क्रमांक खाटेजवळच्या भिंतीवर चष्म्याविना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.