हवा सगळ्यांची

वायफायचं पहिलं कुलूप म्हणजे ‘वेप’. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाट तांत्रिक विद्यापीठाच्या तिघा संशोधकांनी त्याची १०४ बिटांची किल्ली एका मिनिटाच्या आत शोधून दाखवली. चाळीस हजार पॅकेटं हाती आली की निम्मी शक्यता, ८५ हजार आली की ९५ टक्के.

एवढी पॅकेटं आपोआप जमायची वाट बघत बसायचीही गरज नव्हती. ‘हा पत्ता कुणाचा?’ असं विचारणारं एआरपी पॅकेट आतला मजकूर न वाचताही नुसत्या लांबीवरून ओळखू येतं. ते पकडून राउटरकडे पुन्हा पुन्हा फेकायचं. राउटर इमानेइतबारे दर वेळी ते नव्याने कूटबद्ध करून हवेत सोडतो आणि किल्लीचा आणखी थोडा सुगावा देतो. मुळातला दोष फ्लुरर, मांटिन आणि शमीर यांनी २००१ मध्येच कागदावर मांडला होता, पण शोधनिबंध वाचून राउटर कोण बदलतो?

नवी मुंबईत तर कुलूपच नव्हतं. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधीचा धमकीचा ई-मेल सानपाड्यातल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला. पुढे जानेवारीत मुंबई पोलीसच असली उघडी वायफाय शोधत रस्तोरस्ती फिरू लागले.

वेगाचं दुखणंही याच सामाईक हवेतलं. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं, की ११ मेगाबिटने चालणाऱ्या यंत्रांत १ मेगाबिटवालं एक जरी शिरलं, तरी सगळ्यांचाच वेग जवळपास त्याच्याइतका खाली येतो. वायफायमध्ये प्रत्येकाला सारखी संधी मिळते, पण ती पॅकेटांची, वेळेची नव्हे. १५०० बाइटांचं पॅकेट वेगवान यंत्र मिलिसेकंदाच्या आसपास उरकतं, तर मंद यंत्र त्यालाच १२ मिलिसेकंद हवा अडवून बसतं.

हे घरीही मोजता येतं. एक संगणक तारेने राउटरला जोडायचा, दुसरा वायफायवर ठेवायचा आणि दोन्हींवर ‘आयपर्फ’ हा मोफत प्रोग्रॅम चालवायचा. मग एखादा जुना फोन शेवटच्या खोलीत नेऊन त्यावर मोठी फाइल उतरवायला लावायची. पहिल्या जोडीचा आकडा बहुधा खाली येतो. नव्या राउटरांत ‘एअरटाइम फेअरनेस’ची, म्हणजे वेळेच्या सारख्या वाटणीची, सोय असेल तर कमी. (किल्ली फोडायची हौस स्वतःच्याच जुन्या राउटरवर भागवावी, शेजाऱ्याच्या राउटरला हात लावला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ आहे.) मायक्रोवेव्ह सुरू करूनही आकडा बघावा. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणून वायफायच्या २.४ च्या पट्ट्यात वेग अडखळतो. ५ गिगाहर्ट्झवर सहसा काही फरक पडत नाही.