आई-बाबांचा फोन दुरून हाताळायचा, पण दाराची कडी कोणाच्या हातात?



रविवारी संध्याकाळी आपल्या अनेक घरांत एक संवाद ऐकू येतो. मुलगी पुण्याहून किंवा टोरांटोहून सांगत असते, "आई, वर उजवीकडे तीन ठिपके दिसतात ना, ते दाब." आई म्हणते, "कुठले गं ठिपके? इथं नुसतं घड्याळ दिसतंय." दहा मिनिटं असंच चालतं आणि शेवटी आई म्हणते, "राहू दे, दिवाळीत येशील तेव्हा करून दे."

बडोद्यातल्या आपल्या मराठी कुटुंबांत हे आता नेहमीचं झालं आहे. वडीलधारी मंडळी इथल्या घरात आणि मुलं नोकरीसाठी बाहेरगावी. मुलांनी तिथूनच आई-बाबांचा फोन आपल्या स्क्रीनवर पाहावा आणि चालवावा, अशी सोय आज फुकट मिळते. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर क्विकसपोर्ट, रस्टडेस्क ही त्यातली माहितीतली नावं.

पण भामटेही नेमकी हीच सोय वापरतात. एनीडेस्कचं नाव घेऊन रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. समोरचा माणूस अ‍ॅप घ्यायला लावतो, त्यात दिसणारा नऊ आकडी क्रमांक विचारतो, परवानगीचं बटण दाबायला लावतो आणि मग खात्यातले पैसे जातात, अशी ती पद्धत होती. आजही केवायसी, वीजबिल, कुरिअर अशी निमित्तं बदलतात, पद्धत तीच राहते.

म्हणून हे अ‍ॅप चांगलं की वाईट, यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. दाराची कडी कोणाच्या हातात आहे? सेटिंग नीट केलं तर ती आई-बाबांच्याच हातात राहते. ते कसं करायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी साधा उपाय करून पाहा

नुसतं दाखवून काम होत असेल तर नवं अ‍ॅप घेऊच नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलमध्ये २०२३ पासून स्क्रीन दाखवण्याची सोय आहे. आईने ती चालू केली की मुलीला आईची स्क्रीन दिसते आणि नेमकं कुठे दाबायचं ते ती सांगू शकते. फोन मात्र आईच चालवते. निम्म्याहून अधिक अडचणी एवढ्यानेच सुटतात, असा आमचा अनुभव आहे.

आई-बाबांकडे आयफोन असेल तर अशा बाहेरच्या अ‍ॅपमधून त्याची स्क्रीन फक्त पाहता येते, चालवता येत नाही. दोन्हीकडे आयफोन किंवा आयपॅड असेल आणि त्यात आयओएस १८ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल, तर फेसटाइम कॉलवर स्क्रीन दाखवताना समोरच्याला ताबा देता येतो. पुढची माहिती अँड्रॉइड फोनसाठी आहे.

जोडणी कशी होते

आई-बाबांच्या फोनवर अ‍ॅप उघडलं की एक क्रमांक दिसतो. तो जणू त्या फोनचा पत्ता. मुलगा आपल्या फोनवर किंवा लॅपटॉपवर तो टाकतो, मग आई-बाबांच्या स्क्रीनवर 'अमुक जोडू पाहतो आहे, परवानगी द्यायची का?' असा चौकोन येतो. 'होय' म्हटल्याशिवाय पुढे काही होत नाही. दोन्ही फोन एकाच वायफायवर असण्याची गरज नाही, दोन्हीकडे इंटरनेट असलं की पुरे.

'होय' म्हटल्यावर अँड्रॉइड स्वतः आणखी एकदा विचारतं, की या अ‍ॅपला स्क्रीन दाखवायची का? नव्या फोनांवर 'एकच अ‍ॅप' की 'पूर्ण स्क्रीन' असाही पर्याय येतो. इथे 'पूर्ण स्क्रीन' निवडावं, नाहीतर मुलाला काहीच धड दिसत नाही.

एवढं झाल्यावर स्क्रीन दिसते, पण हात चालत नाही. फोन दुरून चालवायला 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' नावाची परवानगी लागते आणि काही फोनांवर त्यासाठी 'प्लगिन' किंवा 'अ‍ॅड-ऑन' नावाचं आणखी एक छोटं अ‍ॅप घ्यावं लागतं. ही परवानगी सर्वांत मोठी. ज्या अ‍ॅपला ती मिळते ते स्क्रीनवरचं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं.

इथे आपल्याकडची एक खास अडचण येते. मुलाचा फोन इंग्रजीत, बाबांचा गुजरातीत आणि आईचा मराठीत, असं एकाच घरात असतं. हिंदी फोनवर याच सेटिंगला 'सुलभता' म्हणतात. तेव्हा फोन कोणत्या भाषेत आहे ते आधी विचारून घ्या, नाहीतर शोधण्यातच अर्धा तास जातो.

पाच सेटिंगं, शक्यतो समोर बसून करावीत

मुलं सुटीत घरी येतील तेव्हा हे एकदा करून ठेवावं.

१. अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्यावं, मेसेजमध्ये आलेल्या लिंकवरून कधीही नाही. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून घेतलेल्या अ‍ॅपला अ‍ॅक्सेसिबिलिटी द्यायला गेलं की फोन अडवतो आणि हे सेटिंग प्रतिबंधित असल्याचं सांगतो. कोणी फोनवरून हा अडथळा काढायला सांगत असेल तर कॉल तिथेच बंद करावा.

२. 'अनअटेंडेड अ‍ॅक्सेस' किंवा कायमचा पासवर्ड बंद ठेवावा. तो चालू असेल तर परवानगी न विचारता जोडणी होऊ शकते. "बाबांना त्रास नको" म्हणून मुलं तो चालू करतात. पण त्या एका पासवर्डने दाराची कडी आतून निघते. रस्टडेस्कमध्ये जोडणी पासवर्डने स्वीकारायची की बटण दाबून, असा पर्याय आहे. त्यात बटण दाबूनच स्वीकारणं निवडावं.

३. परवानग्यांच्या यादीत स्क्रीन पाहणं आणि चालवणं एवढंच ठेवावं. फाइल पाठवणं-घेणं आणि कॉपी केलेला मजकूर दोन्हीकडे दिसणं, हे बंद करावं. फोनची भाषा बदलायला किंवा अक्षरं मोठी करायला त्यांची गरज पडत नाही.

४. काम झालं की जोडणी तोडावी आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी काढून घ्यावी. महिन्यातून एखादवेळीच गरज पडत असेल तर अ‍ॅपच काढून टाकलेलं बरं. पुन्हा घ्यायला दोन मिनिटं लागतात. शिवाय अशी अ‍ॅपं फोनवर असली की काही बँकांची अ‍ॅपं उघडतच नाहीत.

५. जोडणी चालू असताना बँकेचं अ‍ॅप, यूपीआय किंवा ओटीपीचा मेसेज उघडू नये, पलीकडे स्वतःचा मुलगा असला तरीही. बँकेच्या बऱ्याच अ‍ॅपांची स्क्रीन पलीकडे काळी दिसते, पण वर येणारी मेसेजची पट्टी दिसू शकते. पैशाची कामं आई-बाबांनी स्वतःच करायची, ही सवय मोडू नये.

जोडणी मध्येच तुटते तेव्हा

दोन सिमच्या फोनवर हे हमखास होतं. इंटरनेट एका सिमवर आणि मुलाचा कॉल दुसऱ्यावर. कॉल चालू असेपर्यंत बऱ्याच फोनांवर पहिल्या सिमचं इंटरनेट थांबतं आणि जोडणी तुटते. अशा वेळी घरचं वायफाय लावावं किंवा बोलणं दुसऱ्या फोनवर करावं. चित्र अडखळत असेल तर मुलाने आपल्या बाजूने चित्राचा दर्जा कमी करावा. ऑफिसच्या नेटवर्कवर ही अ‍ॅपं अनेकदा बंद केलेली असतात, त्यामुळे हे काम घरूनच करावं.

घरातला नियम

सेटिंग कितीही चांगलं असलं तरी 'होय' हे बटण माणूसच दाबतो. म्हणून प्रत्येक घराने एक नियम ठरवावा, असं आम्ही सुचवतो. अ‍ॅप उघडायचं ते आपण स्वतः मुलाला किंवा मुलीला फोन लावल्यावरच. आलेल्या कॉलवर कधीच नाही. बँक, वीज कंपनी, पोलीस, कुरिअर, कोणीही सांगितलं तरी नाही. कोणतीही बँक तुमचा फोन चालवायला मागत नाही.

जोडीला घरातला एक खुणेचा शब्द ठरवावा. आजोळच्या गावाचं नाव, जुन्या वाड्यातल्या मांजराचं नाव, काहीही चालेल. आवाज ओळखीचा वाटला तरी शब्द विचारावा. "आई, मीच आहे गं" म्हणणाऱ्यालाही तो यायला हवा.

घात झालाच तर

सर्वांत आधी फोनचं इंटरनेट तोडावं. एअरप्लेन मोड लावावा, जमत नसेल तर फोन बंद करावा. मग दुसऱ्या फोनवरून १९३० हा क्रमांक लावावा. तो सायबर फसवणुकीसाठी देशभर चालतो, त्यामुळे आपले नातलग इंदूरला असोत, बेळगावला वा हैदराबादला, क्रमांक हाच. लगोलग बँकेलाही कळवावं आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. पासवर्ड बदलायचे तेही दुसऱ्या फोनवरूनच.

इथे वेळेला फार किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असा नियम होता, की ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झालं तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा आणि कळवल्यानंतरचा बँकेचा. "मुलं रागावतील" या भीतीने संध्याकाळपर्यंत गप्प बसलेले आई-बाबा ते तास गमावतात.

म्हणून मुलांनाही एक विनंती. चूक झाली तर न घाबरता आधी तुम्हाला फोन करता येईल, असं बोलणं आई-बाबांशी आजच करून ठेवा. "बाबा, तुम्हाला किती वेळा सांगितलं!" हे वाक्य त्या दिवशी तोंडातून येऊ देऊ नका. पैसे पुढेमागे मिळतीलही, पण एकदा दुखावलेले बाबा पुन्हा फोन हातात घ्यायला तयार होत नाहीत. मग आपलं व्हिडिओ कॉलवरचं बोलणंही थांबतं, आणि ते टिकावं म्हणूनच तर हा सगळा खटाटोप.