435 जोड्यांचा ताल

जुन्नर तालुक्यातील खोडदच्या शिवारात उभी असलेली जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची तबकडी 45 मीटर व्यासाची आहे, तरी तिच्यातून आकाश आरपार दिसते. पत्र्याऐवजी तिथे पोलादी तारांची जाळी ताणली आहे. ही काटकसर खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची: लांब रेडिओलहरींना जाळीची भोके जाणवत नाहीत, वारा मात्र निघून जातो. अशा 30 तबकड्यांपैकी 14 मध्यभागी दाटीने आहेत, 16 तीन फाट्यांवर दूरवर पसरल्या आहेत. पण खरे मोजमाप जोडीत होते. दोन तबकड्यांवर पोहोचलेल्या लहरी कितपत एका तालात आहेत, हे पाहायचे असते. 14 तबकड्यांच्या जोड्या 91 होतात, 30 तबकड्यांच्या 435.

ही यंत्रणा भोवतालाला उघडी आहे. क्वांटम भौतिकी अशा खुल्या व्यवस्थेत दोन नुकसाने वेगळी मानते: ऊर्जा गळणे आणि ताल विस्कटणे. खोडदला येणाऱ्या लहरींसाठी क्वांटम भौतिकी लागत नाही, तरी हा भेद इथेही लागू पडतो. क्षीण संकेत वर्धकाने मोठा करता येतो. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराने, म्हणजे आयनांबराने, विस्कटलेला ताल वर्धक जुळवू शकत नाही. तो जुळतो 435 जोड्यांमुळे. प्रत्येक तबकडीची तालातली चूक तिची स्वतःची, म्हणजे अज्ञात चुका 30 च्या आसपास आणि मोजमापे 435. तीन तबकड्यांच्या त्रिकोणात तर या चुका बेरजेत एकमेकींना खोडून काढतात. जोड्यांची वाढती गुंतागुंत हेच इथले औषध आहे.

चुका अशा जुळवता येतात, मग जवळून रेल्वे गेली तर काय बिघडेल, हा जुन्नर-आंबेगावकरांचा प्रश्न रास्त आहे. पुणे-नाशिक जलद रेल्वेचा नारायणगावाजवळचा मार्ग याच दुर्बिणीमुळे अडला. उत्तर असे, की रेल्वेच्या विद्युत ठिणगीचा गोंगाट ही तबकडीची चूक नव्हे. तो संकेतात नवी भर घालतो. संगणक तो भाग कापून टाकतो, पण कापलेले निरीक्षण परत येत नाही. जून 2023 मध्ये पल्सार या नियमित स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या ठोक्यांवरून गुरुत्वीय लहरींच्या मंद गुंजनाचे पुरावे मांडले गेले, त्यांत इथली मोजमापे होती. इतका नाजूक फरक टिपायला भोवतालची शांतताही यंत्राचाच भाग मानावी लागते. ती जपलीच पाहिजे. मात्र देशाच्या विज्ञानासाठी लागणाऱ्या या शांततेची किंमत दोनच तालुक्यांनी सोसू नये. प्रवासाची आणि शेतमालाच्या वाहतुकीची दुसरी चांगली सोय करणे हे देशाचे देणे आहे. 435 जोड्यांचा ताल ज्यांच्या शिवारात जुळतो, त्यांना हिशेबाबाहेर ठेवता येणार नाही.